पट्टा आणि पदर

अमरावती, ता. २१ नोव्हेंबर १८६४

आज जेवताना रामरावकाकांनी पुन्हा विचारले, "वामन, पुण्यात नक्की झाले तरी काय?" मी आणखी भात मागितला.

झाले ते एवढेच. यंत्रशास्त्राच्या प्रोफेसरसाहेबांनी फळ्यावर काढलेले चाक उलटे फिरत होते. मी तसे म्हणालो. ते म्हणाले, बसा. मी म्हणालो, चाक सरळ फिरू द्या, मग बसतो. पुढची बोलणी इंग्रजीत झाली, त्यात माझे व्याकरण बिघडले, आणि मला वर्गाबाहेर जावे लागले. दुसऱ्या दिवशी माफी मागितली असती तर भागले असते. मागितली नाही. चाक उलटेच होते.

काका कापसाचे अडते आहेत. अमेरिकेत लढाई लागून तिकडचा कापूस थांबल्यापासून विलायतेला आमच्या काळ्या मातीची आठवण येऊ लागली आहे. परवा एका पाटलाने बैलांच्या शिंगांना चांदी चढवली, तेव्हापासून बैल मान खाली घालून चालत नाहीत म्हणतात. व्यापाऱ्यांनी वर्गणी करून देवळात अभिषेक लावला आहे, ती लढाई अशीच चालू राहो म्हणून. संकल्प सोडताना अमेरिकेची दिशा कोणती धरायची हे भटजींना कळेना, म्हणून मला बोलावणे आले. मी पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवले. भटजी चिडले. खरा भूगोल कोणालाच नको असतो.

ता. २६ नोव्हेंबर

नोकरी लागली! काकांच्या ओळखीने चंद्रभान शेठकडे. शेठने वाफेचे एंजिन आणले आहे. रेल्वे जिथवर आली तिथवर रेल्वेने, पुढे बैलगाड्यांवर. त्या एंजिनावर कापसातली सरकी काढणारे मोठे रेचे चालतात. घरी हाताने रेचा फिरवणाऱ्या बायका आता तिथे रोजाने येतात.

शेठ गादीवरून म्हणाले, "वामनराव, तुम्ही शिकलेले. मशीन विलायतेची, बाया वऱ्हाडच्या. दोघींची ओळख करून द्या."

मी तिथल्या तिथे हुन्नरशाळेची कल्पना मांडली: सकाळी काम सुरू व्हायच्या आधी शिकवायचे, दिवसा फिरून चुका काढायच्या. शेठने हात वर केला. "शाळा म्हणा, कीर्तन म्हणा. पण ऐका. अकोल्यात एकाच्या कारखान्यात बाईचा हात गेला. त्याने साऱ्या बाया काढल्या, गडी लावले. गड्यांनी आठवड्यात रेच्यांचे रूळ फोडले. कापसाचा हात बाईचाच, मले बायाच पाहिजेत. पण माझ्याकडे तसं काही झालं तर मीही काढीन. गावात बोंब झालेली मले चालत नाही."

मग रेचे बसवलेल्या वखारीत गेलो. आत कापसाचा तूस इतका की माणसे धुक्यात उभी असावीत तशी दिसतात. मी दारात पाऊल टाकताच सगळ्या बायकांनी एकदम डोक्यावर पदर ओढले. वाऱ्याने शेत हलावे तशी सळसळ झाली. पुण्यात मला इतका मान कोणी दिला नाही.

चाकावरचा पट्टा समजावून सांगत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातल्या रेच्यावरून आवाज आला, "मास्तर, या पट्ट्याले मधात एक पीळ देला त चाक उलटं फिरीन का?"

ज्या चाकापायी पुणे सुटले, ते चाक ही पोरगी मला विचारत होती! फिरेल म्हणालो. ती म्हणाली, "मले वाटलंच."

चेहरा दिसला नाही, पदर पुढे होता. नाकाचे टोक दिसले आणि पापणीवर अडकलेले कापसाचे एक बोंड. बोंड नव्हे, तंतू. आज मी नीट लिहू शकत नाही.

नाव वच्छला.

ता. ५ डिसेंबर

शाळा चालू आहे. मी यंत्राच्या भागांना शुद्ध नावे दिली: बॉयलरला वाष्पकोश, पट्ट्याला गतिवाहक. माणिकबाई म्हणून एक पोक्त बाई आहे, तिचा हुकूम सगळ्या मानतात. तिने बॉयलरचे नाव म्हैस ठेवले आणि पट्ट्याचे जीभ. आज सकाळी मी विचारले, "वाष्पकोश तापला काय?" कोणी उत्तर देईना. माणिकबाई ओरडली, "म्हैस पान्हावली का वो?" लगेच दहा जणींनी सांगितले, पान्हावली.

तुसाने सगळ्या खोकतात. मी तोंडाला ओले फडके बांधायचा नियम केला. कोणी बांधत नाही.

"फडकं बांधलं त तंबाखू कुठून खाव?" माणिकबाईने विचारले.

"खाऊ नये."

"मंग मशीन तुमीच चालवा."

दुसरी म्हणाली, "आन् तुमच्यासमोर असं दरोडेखोरावानी तोंड बांधून बसाव का? शोभते का?"

आणखी एक नियम: पदर कमरेला घट्ट खोचावा, पट्ट्याजवळ काही लोंबू नये. हे सगळ्यांना पटले. सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवताना पदर घसरले, ते त्यांनी पुन्हा डोक्यावर घेतले.

आणि तिसरे: पट्ट्यात काही अडकले तर ओढत बसायचे नाही, बांबूने पट्टा चाकावरून ढकलून पाडायचा. प्रत्येकीकडून करून घेतले. त्यांतली पार्वताबाई बांबू धरून अशी उभी राहिली की जणू साप मारायला निघाली आहे. बायका फार हसल्या. मला हसू आले नाही. वच्छला हसली तेव्हा आले.

ता. १८ डिसेंबर

चौकशी केली, म्हणजे माणिकबाईजवळ सहज विषय काढला. तिने सहज काही सांगितले नाही. आधी माझे पान संपवले, चुना संपवला, मग सांगितले.

वच्छला नत्थुजी माळ्याची मुलगी. नत्थुजीची वांग्या-भाजीची बाग गावाबाहेर आहे. हिचे लग्न पाळण्यातले, नवरा मिसरूड फुटायच्या आत पटकीने गेला. आता वरूडचा एक बिजवर पाट लावायला तयार आहे. त्याची पोरे हिच्याएवढी आहेत.

"मग?" मी.

"मंग काय! बापाले म्हन्ते, मी रोज कमावतो, तुह्यावर भार नाई, मंग मले काहून धाडतं? नत्थुजी म्हन्ते, बरं, काम हाय तवर राय. काम सुटलं का वरूड."

"तिची इच्छा काय?"

माणिकबाईने बोटाचा चुना पुसला. "तुमी रेचे पाहा, मास्तर."

माझे रक्त उकळते आहे. विधवेला पुन्हा संसार मिळावा यावर पुण्यात मी भाषण केले होते. टाळ्याही पडल्या होत्या. वच्छलेला वरूडच्या म्हाताऱ्यापासून सोडवणारा कोणी पाहिजे. मी ब्राह्मण, ती माळी, अमरावती पेटेल. पेटू दे.

ता. २२ डिसेंबर

एक काटा आहे. एंजिनवर जानराव म्हणून माणूस आहे. वच्छला मधल्या सुटीत त्याच्याजवळ जाऊन बसते. तो तिला झडप दाखवतो, वाफ किती चढली ते दाखवतो, तिच्याकडून तेल घालून घेतो. आज ती त्याच्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलली आणि दोघेही हसले!

जानराव साठीचा आहे आणि बॉयलरपाशी उभे राहून ठार बहिरा झाला आहे, म्हणून कानाशी बोलावे लागते, असे काका म्हणतात. काकांना प्रेमातले काय कळते.

अकोला, ता. २९ डिसेंबर

शेठने इथे पाठवले, दुसऱ्यांचे कारखाने पाहून ये म्हणून. बैलांच्या दमणीत बसून हाडे खिळखिळी झाली. वच्छलेचा निरोप घ्यायला वखारीत गेलो होतो, पण सळसळ झाली आणि तीस पदरांत तिचा कोणता ते कळेपर्यंत गाडीवान ओरडू लागला.

जिथे बाईचा हात गेला तो कारखाना पाहिला. आता सगळे गडी आहेत, खोकणारे. कोणी त्यांना काही शिकवलेले नाही. रूळ अडला की लाथ मारतात. मुनीम सांगत होता: बाई जुनी होती, हुशार होती, सगळा हंगाम तिला ओरखडा नाही. तिथले शेठ पाहुण्यांना यंत्र दाखवायला घेऊन आत आले, आणि नेमका त्याच वेळी तिचा पदर पट्ट्यात गेला. पाहुण्यांसमोर शोभा झाली, म्हणून ते अजून चरफडतात.

काय नशीब एकेकाचे.

अमरावती, ता. ४ जानेवारी १८६५

परत आलो. माणिकबाई म्हणाली, मी नव्हतो तेवढ्या दिवसांत काही अडले नाही, काही फाटले नाही. ऐकून बरे वाटले. म्हणजे माझे शिकवणे मुरले. आणि मी आत पाऊल टाकतो न टाकतो तोच टर्र! पार्वताबाईच्या पदराचे टोक पट्ट्याने खाल्ले. हातभर लुगडे गेले, बाई वाचली. मी संतापलो. इतके सांगून पदर मोकळा कसा? पार्वताबाईने पदर आणखी पुढे ओढला.

पाहा, मी नसताना नाही, आल्याबरोबर! उघड आहे की देखरेख कमी पडते. उद्यापासून दिवसातून दोनदा नाही, चारदा फेरी मारणार.

ता. १२ जानेवारी, संक्रांत

तिने मला तिळगूळ दिला. वरून हातावर सोडला, बोट लागू दिले नाही. "मास्तर, गोड बोला. लय ओरडता तुमी."

तो लाडू मी खाल्लेला नाही.

तिने जानरावलाही दिला. साऱ्या बायकांना दिला. एक एंजिनाच्या माथ्यावरही ठेवला. पण मला देताना ती थांबली होती. थांबली होतीच.

आता ठरले. बोलायचे. वाक्य तयार केले आहे. त्यात 'सहधर्मचारिणी' हा शब्द एकदा येतो. तो मोठ्याने म्हणून पाहिला तेव्हा काकूने दाराआडून विचारले, पोट दुखते का.

ता. १९ जानेवारी

जसे झाले तसे लिहितो.

दुपारी वखारीत गेलो. वाक्य एकदा जरी विसरलो तरी परत धीर होणार नाही, म्हणून थांबलो नाही. तडक तिच्या रेच्यापाशी गेलो, इतका जवळ कधी गेलो नव्हतो. तिने पदर कमरेला खोचलेला होता. मी म्हणालो, "वच्छलाबाई..."

तिने दचकून वर पाहिले. पहिल्यांदाच तिचा सगळा चेहरा दिसला. पुढच्याच क्षणी तिने कमरेचा पदर ओढून काढला आणि डोक्यावर घ्यायला फेकला. तो डोक्यावर पोचलाच नाही.

पट्ट्याने तिला गळ्याशी खेचले. ती चाकाकडे सरकत होती आणि पदर सोडवायला हात घालत होती. बायका किंचाळल्या. जानराव आमच्याकडे पाठ करून झडपेला तेल देत होता. त्याला काय ऐकू येणार. आणि मी? ते बांबूचे मी सगळ्यांना शिकवले. माझ्या पायाशी बांबू होता. मी तसाच उभा राहिलो, तोंडात ते वाक्य धरून.

पार्वताबाईने बांबू उचलला आणि पट्टा चाकावरून पाडला. जसा शिकवला होता तसा.

वच्छलेच्या गळ्याची साल निघाली आहे आणि डाव्या हाताची दोन बोटे मोडली. हाडवैद्य म्हणतो, जुळतील, पण वाकणार नाहीत.

ता. २० जानेवारी

शेठचा हुकूम झाला. पुढच्या शनिवारपासून बाया बंद, गडी लावणार. नत्थुजी सकाळीच येऊन गेला. वरूडला निरोप धाडला म्हणे.

मी वखारीच्या दारात बायकांवर भडकलो. दुसऱ्या कोणावर भडकणार? "हजारदा सांगितले, पदर खोचा! का ऐकत नाही? कसली ही खोड?"

माणिकबाई उठून माझ्यापुढे आली. पदर कपाळावर, पण आवाज पदराबाहेर.

"खोचतोच ना आमी! दिवसभर खोचूनच असतो. म्हातारा जानराव बापासारखा, त्याची आमाले लाज नाई. शेठ तुसाच्या भेवानं आत येत नाई. अठी येते कोन? तुमी! बामनाचा पोरगा, मास्तर, समोर उभा राह्यला त पदर नाई घ्याव काय? माह्या सासूनं मानगूट धरून शिकवलं हाय मले, तुमची शाळा त कालची."

"मग सांगितले का नाही?"

"काय सांगाव? तुमी येऊ नका म्हनून? तुमी मास्तर!"

मला पार्वताबाईचे फाटलेले टोक आठवले, मी संतापलो होतो ते आठवले, चार फेऱ्या आठवल्या. अकोल्याचे ते पाहुणेही आठवले. पुण्याच्या प्रोफेसराचे उलटे चाक निदान फळ्यावर होते, माझे वखारीत फिरत होते.

सरळ शेठकडे गेलो. म्हणालो, "बायका काढू नका, मला काढा. बिघाड माझ्यात आहे." सगळे सांगितले.

शेठने ऐकून घेतले. मग मुनीमजीला म्हणाले, "पाहा, पुण्याची विद्या." मग मला: "तुम्हाले काढलं तर शिकवीन कोण? त्या बाईनं पट्टा पाडला ना? तो कोणी शिकवला?"

शेठ म्हणाले, "त्या शनिवारपर्यंत इलाज काढा. नाहीतर बाया बंद."

ता. २५ जानेवारी

इलाज माणिकबाईशी भांडता भांडता निघाला. मी म्हणालो, मला पाहूनही पदर घेऊ नका. ती म्हणाली, जमत नाई. मी म्हणालो, मग मी डोळे बांधून येतो. ती म्हणाली, मंग तुमीच पट्ट्यात जाल. मी चिडून म्हणालो, मग काय मी गोषात बसू?

तिने वखारीच्या रिकाम्या टोकाकडे पाहिले.

"बसा ना," ती म्हणाली.

वखारीच्या एका टोकाला आढ्यापासून जमिनीपर्यंत गठाणींचे तरट टांगले आहे. त्याच्यामागे माझे स्टूल. दार मागच्या बाजूने, माझे मला वेगळे. मी तिथून शिकवायचे, आवाजावरून यंत्राची चूक ओळखायची, आणि काम चालू असताना त्या बाजूला पाय टाकायचा नाही. शेठ पोट धरून हसले आणि म्हणाले, महिनाभर पाहू. अमरावतीत सगळीकडे झाले आहे की रामरावांचा पुतण्या पडद्यात बसला. काका देवळात जात नाहीत. काकूने विचारले, बांगड्या भरायच्या का.

वाक्य म्हणायला आता जागाच उरली नाही.

ता. ३ फेब्रुवारी

वच्छला आज कामावर आली. मला दिसली नाही, अर्थात. आवाज आला, "मास्तर, दोन बोटं वाकत नाईत त रूळाले कापूस कसा सोडू?" मी आडून सांगितले, तिरका हात धर. तिने केले असावे. रेचा नीट बोलू लागला. जानराव तिला एंजिन शिकवतो आहे. शेठ म्हणाले, शिकू द्या, म्हातारा किती दिवस पुरणार. वरूडचा बिजवर परवा येऊन गेला. नत्थुजीने त्याला वांगी देऊन परत पाठवले, काम सुटले नाही म्हणून.

एक गंमत झाली आहे. मी दिसत नाही तेव्हापासून त्या प्रश्न विचारून विचारून मला दमवतात. सरकी का फुटते, म्हैस का फुगते, तूस फुफ्फुसात जाऊन तिथे काय करतो. तोंडे सगळ्यांनी बांधली आहेत, दरोडेखोर दिसलो तर पाहायला कोण आहे म्हणून. खोकला उतरला. आता मला खोकल्यावरून माणूस ओळखता येतो: माणिकबाईचा दोन ठोक्यांचा, पार्वताबाईचा लांबलेला. वच्छलेचा जवळजवळ थांबला आहे, त्यामुळे ती कुठे आहे ते कळत नाही.

ता. ११ फेब्रुवारी

तरटाला एक भोक सापडले. माझ्या डोळ्याच्या उंचीवर, सुपारीएवढे. उंदराने केले असेल. मी नाही केले.

सकाळी त्याच्याकडे पाठ करून बसलो. पट्ट्यांची तोंडे कशी शिवायची ते शिकवले. एकही शब्द धड आला नाही. त्या भोकातून तिचा रेचा समोर दिसणार हे मला जागेवरून कळत होते. एकदा डोळा लावला की काय बिघडते? तिला कळणारही नाही. पण एखादीला कळले, तर सळसळ पुन्हा सुरू.

मधल्या सुटीत मुनीमजीकडून गठाण शिवायचा दाभण आणि सुतळी मागून आणली. डोळे मिटून भोक चाचपले आणि पहिला टाका घातला. दाभण पलीकडे गेला आणि परत येईना. मी ओढले, कोणीतरी धरला होता. मग तो सुटला, आणि जरा बाजूने, नीट जागेवरून, माझ्याकडे परत आला.

मी पुन्हा घातला. तो पुन्हा परत आला. असे बराच वेळ चालले. माझे टाके वाकडे जात होते, पलीकडचे सरळ येत होते. एकदा सुतळीला हलका झटका बसला, घाई करू नका म्हटल्यासारखा. माझ्या मनाने तिथल्या तिथे पाच-पन्नास गोष्टी ठरवून टाकल्या.

भोक बुजले. सुतळीला पलीकडून गाठ बसली, टोक दाताने तोडल्याचा आवाज आला.

मग खोकला आला. दोन ठोक्यांचा, माणिकबाईचा.

आणि त्याच्यामागे, अगदी जवळून, कोणीतरी दुसरीच हसली.